गाडी सुरुवातीला अडखळते आणि प्लग मात्र काळा: मिश्रण दाट की विरळ?

जुना_पिस्टन (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १५० सीसीची, एका सिलिंडरची, चार स्ट्रोकची मोटारसायकल आहे. तिचा कार्बोरेटर साध्या सरकत्या स्लाइडचा आहे, म्हणजे थ्रॉटलची केबल थेट स्लाइडच वर ओढते. काही महिन्यांपूर्वी मी पेटीतला मूळ एअर फिल्टर काढून उघडा कोन फिल्टर बसवला आणि सायलेन्सरही मोकळ्या प्रकारचा घेतला. हवा जास्त जाणार म्हणजे पेट्रोलही जास्त लागणार, असा साधा हिशेब करून ११० नंबरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक छिद्राचा पितळी तुकडा) काढला आणि १२५ नंबरचा टाकला.

तेव्हापासून गाडीचा स्वभाव बिघडला आहे. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाहीत. दोन-तीन सेकंद वरच लटकतात, आणि कधी कधी त्यानंतर एकदम इतके खाली येतात की गाडी बंद पडते. बंद पडू नये म्हणून मी स्लोचा स्क्रू आवळून आयडलिंग १८०० वर ठेवले आहे. उभ्या गाडीवरून निघताना थ्रॉटल किंचित उघडला की इंजिन क्षणभर गप्प होते आणि मग एकदम उसळते. अर्ध्याच्या आसपास गाडी छान ओढते. पूर्ण उघडल्यावर मात्र भरभर असा जड आवाज येतो आणि वेग वाढत नाही. ॲव्हरेज साधारण पाचव्या हिश्शाने घटले आहे. प्लग काढून पाहिला तर त्यावर कोरडी काळी काजळी आहे.

एका मेकॅनिकच्या मते गाडी रिच आहे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त (दाट) आहे, कारण प्लग काळा आहे. दुसऱ्याच्या मते ती लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी (विरळ) आहे, कारण सुरुवातीला अडखळते. त्याने पेट्रोल वाढवतो म्हणून कार्बोरेटरच्या बाजूचा पितळी स्क्रू सैल करून तीन फेऱ्यांवर ठेवला, आणि त्यानंतर अडखळणे वाढले. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांची कारणे ऐकताना पटतात. मग खरे कोणाचे मानावे, आणि जुळवणी कुठून सुरू करावी?

सुई_आणि_जेट

दोघांचेही खरे असू शकते, आणि आपल्या वर्णनावरून तसेच ते आहे असे मला वाटते. कार्बोरेटर ही एक वस्तू दिसत असली तरी तिच्या आत पेट्रोलचे वेगवेगळे मार्ग आहेत, आणि थ्रॉटल जसजसा उघडतो तसतसा एक मार्ग मागे पडून दुसरा पुढे येतो. त्यामुळे एकच गाडी सुरुवातीला विरळ मिश्रणावर आणि शेवटी दाट मिश्रणावर चालणे यात काहीही विपरीत नाही. "गाडी रिच आहे की लीन" हा प्रश्नच अपुरा आहे. "थ्रॉटल किती उघडा असताना" हे त्याच्यापुढे जोडल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये बंद थ्रॉटलपासून साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (आयडलिंगसाठीचा छोटा जेट) आणि त्याचा स्क्रू यांचे राज्य असते. तेथून पावपर्यंत स्लाइडच्या तळाशी असलेला तिरका काप महत्त्वाचा ठरतो. पाव ते पाऊण या मोठ्या टप्प्यात सुई आणि ती ज्या नळीत वर-खाली होते ती नीडल जेट यांच्यामधली फट पेट्रोल मोजते, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांच्यामध्ये भिंती नसतात. तरी निदानासाठी एवढी विभागणी पुरते. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की हे सगळे थ्रॉटलच्या उघडण्यावर ठरते, इंजिनाच्या आरपीएमवर नाही. चौथ्या गिअरमध्ये ६००० आरपीएमवर पाव थ्रॉटलने जाणारी गाडी सुईवरच चालत असते, मेन जेटवर नाही. या एका गैरसमजापायी किती जेट विनाकारण बदलले जात असतील, देव जाणे.

आता आपल्या मोठ्या जेटने सुरुवातीच्या भागात फरक का पडला नाही ते पाहा. पेट्रोल आधी मेन जेटमधून आणि मग सुईभोवतीच्या फटीतून जाते, म्हणजे दोन अडथळे एकापाठोपाठ आहेत आणि जो अरुंद तो खरा मालक. उदाहरणादाखल नीडल जेट २.६० मिलिमीटरचा आणि सुईचा वरचा सरळ भाग २.५० मिलिमीटरचा धरला, तर त्या फटीचे क्षेत्रफळ ०.४० चौरस मिलिमीटर येते. मेन जेटचा नंबर हा त्याच्या छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात आहे असे मानले, तर ११० च्या जेटचे क्षेत्रफळ ०.९५ आणि १२५ चे १.२३ चौरस मिलिमीटर होते. दोन्ही अडथळ्यांचा ढोबळ एकत्रित हिशेब केला तर पाव थ्रॉटलला या बदलाने पेट्रोल जेमतेम ३ टक्के वाढते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र सुईचे निमुळते टोक वर आलेले असते, फट तिनेक चौरस मिलिमीटरपर्यंत मोकळी होते, आणि तेव्हा त्याच बदलाने पेट्रोल सुमारे २५ टक्के वाढते. फिल्टर आणि सायलेन्सर बदलल्याने एवढी हवा वाढत नाही. आपला भरभर आवाज आणि काळा प्लग यांचे मूळ इथे आहे.

(नंबर नेहमी व्यासच सांगतो असे नाही. काही जेटांवर त्यातून ठरावीक परिस्थितीत वाहणाऱ्या द्रवाचे माप लिहिलेले असते, त्यामुळे एका बनावटीचा ११० आणि दुसऱ्या बनावटीचा ११० एकमेकांच्या जागी टाकू नयेत.)

पहिले काम म्हणून थ्रॉटलच्या फिरत्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढरी चिकटपट्टी लावा, आणि बंद, पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण अशा खुणा करा. मग रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर प्रत्येक खुणेवर गाडी काही वेळ धरून तिचे वागणे लिहून ठेवा. डोक्यात ठेवू नका, कागदावर लिहा. पुढचे सगळे त्या कागदावरून ठरेल.

टॅपेट_आधी

वरचे विवेचन योग्य आहे, पण मला एक पायरी मागे जावेसे वाटते. कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी बाकीचे इंजिन निरोगी आहे याची खात्री करून घेतली नाही, तर आपण एका दोषाला दुसऱ्या दोषाने झाकत बसतो. टॅपेटचे (झडपा उघडणाऱ्या भागाचे) अंतर, प्लगमधील फट, इग्निशनचे टायमिंग, कॉम्प्रेशन, फिल्टरची स्वच्छता आणि थ्रॉटल केबलचा दोन-तीन मिलिमीटरचा मोकळा खेळ हे आधी पाहावे. केबल आखूड बसली असेल तर हँडल एका बाजूला पूर्ण वळवताच आरपीएम वाढतात. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तरी बहुतेक लोक ती करत नाहीत.

आपल्या लक्षणांपैकी मला सर्वांत बोलके वाटले ते थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वर लटकणे. हे विरळ मिश्रणाचे लक्षण आहे, आणि फिल्टर बदलताना कार्बोरेटर सोडवून पुन्हा बसवला गेला असल्यामुळे माझा पहिला संशय कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरी जोडावर जातो. त्या रबराला तडा असेल, क्लॅम्प नीट बसला नसेल किंवा ओ-रिंग चेपली असेल, तर तिथून चोरटी हवा आत जाते. ही हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून जात नसल्याने तिच्यासोबत पेट्रोल येत नाही. बंद थ्रॉटलला इंजिन मुळातच थोडी हवा घेते आणि जोडातली पोकळी तेव्हा सर्वांत तीव्र असते, म्हणून तेवढीशी गळतीसुद्धा आयडलिंग बिघडवते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. इंजिन आयडलिंगवर ठेवून जोडाभोवती साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून पाहा. आवाज किंवा आरपीएम क्षणभर बदलले तर गळती सापडली. बरेच जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल वापरतात. गरम इंजिनावर ते करू नये, कारण पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

दुसरी गोष्ट त्या पितळी स्क्रूची. तो स्लाइडच्या कोणत्या बाजूला आहे ते कृपया पाहून सांगा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो पायलट मार्गात जाणारी हवा मोजतो, म्हणजे सैल केल्याने मिश्रण विरळ होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो तयार मिश्रण मोजतो, आणि सैल केल्याने ते दाट होते. दोन्ही स्क्रू दिसायला सारखे, पण काम अगदी उलट. दुसऱ्या मेकॅनिकने सैल केल्यावर अडखळणे वाढले असे आपण लिहिले आहे, त्यावरून तो एअर स्क्रू असावा आणि पेट्रोल वाढवण्याच्या हेतूने त्यांनी हवा वाढवली असावी, असा माझा तर्क आहे.

पायलटची जुळवणी इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच करावी. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून आल्यावर, चोक अजिबात ओढलेला नसताना. स्क्रू आधी हलक्या हाताने शेवटपर्यंत आवळून किती फेऱ्या बसल्या ते मोजून ठेवा, म्हणजे परतीचा रस्ता राहील. जोराने आवळला तर त्याचे सुईसारखे टोक आणि खालची बैठक दोन्ही खराब होतात, आणि त्यानंतर कोणतीही जुळवणी टिकत नाही. मग तो दीड फेरीवर सोडा, स्लोच्या स्क्रूने आरपीएम पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या जरा वर ठेवा, आणि पितळी स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून ऐका. ज्या जागी आरपीएम सर्वांत जास्त आणि आवाज सर्वांत समान, ती त्याची जागा. तिथे ठेवून स्लोच्या स्क्रूने आयडलिंग खाली आणा आणि हीच फेरी आणखी एकदा करा, कारण स्लाइड खाली आली की पायलटचा समतोलही थोडा सरकतो.

एअर स्क्रू एक फेरीच्या आतच चांगला चालत असेल तर पायलट जेट लहान आहे किंवा त्यात कचरा आहे असे समजावे. अडीच-तीन फेऱ्यांच्या पुढे गेल्याशिवाय समाधान होत नसेल तर जेट मोठा आहे. मिश्रणाच्या स्क्रूच्या बाबतीत हाच निष्कर्ष उलटा करावा.

प्लगच्या रंगाबद्दल मात्र मी थोडा साशंक असतो. आयडलिंगवर बराच वेळ उभी राहून मग बंद केलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसतो, आणि शिसेविरहित पेट्रोलवर तो पूर्वीचा विटकरी रंग तितका स्पष्ट उमटतही नाही. प्लग पाहायचाच असेल तर नवा घालून, ज्या खुणेची परीक्षा करायची आहे त्या खुणेवर गाडी काही अंतर चालवून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करावे आणि मग तो काढावा.

लांबचा_पल्ला

पूर्ण थ्रॉटलबद्दल एक छोटी भर घालतो. माझी गाडी एकदा मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना दहा-बारा मिनिटांनी दम सोडू लागली. थांबलो की पुन्हा ठीक, आणि पुन्हा दहा मिनिटांनी तेच. मी मेन जेट दोनदा बदलला, फ्लोटची (कार्बोरेटरच्या चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई बदलली, आणि शेवटी कंटाळून वाटेत पेट्रोलची पातळी पाहायला टाकीचे झाकण उघडले तर आत हवा ओढली गेल्याचा सूं आवाज आला. झाकणातले हवेचे बारीक छिद्र चिखलाने बुजले होते. पेट्रोल उतरत गेले तशी टाकीत पोकळी तयार होत होती आणि पेट्रोल खाली यायचे थांबत होते. टाचणीने छिद्र मोकळे केले आणि मूळचा जेट परत टाकला.

आपल्या गाडीचे दुखणे हे नाही, कारण आपल्याकडे शेवटी पेट्रोल जास्त होते आहे. तरी मेन जेटचा निर्णय घेण्यापूर्वी टाकीचा नळ चालू ठेवून, कार्बोरेटरकडची नळी काढून, एका भांड्यात पेट्रोल अखंड धारेने येते का एवढे पाहून ठेवावे. जवळपास ज्योत किंवा सिगारेट नको, हे वेगळे सांगायला नकोच.

जुना_पिस्टन

सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार यात गेले, पण फळ मिळाले.

टॅपेटचे अंतर बरोबर निघाले. रबरी जोडावर पाण्याचा फवारा मारताच आरपीएम डळमळले. जोड काढून वाकवून पाहिला तर खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, नखाएवढा तडा होता. नवा जोड आणि नवी ओ-रिंग बसवली. आरपीएम लटकणे पूर्ण थांबले.

पितळी स्क्रू फिल्टरच्या बाजूलाच आहे, म्हणजे तर्क अचूक होता. आम्ही पेट्रोल वाढवतो आहोत अशा समजुतीने हवा वाढवत होतो. आता तो पावणेदोन फेऱ्यांवर स्थिरावला आहे, आयडलिंग १४०० वर शांत आहे आणि निघताना गाडी अडखळत नाही.

चिकटपट्टीच्या खुणांवर मेन जेट एकेक पायरी खाली आणला. १२० वर पूर्ण थ्रॉटलला जडपणा कमी झाला पण गेला नाही. ११८ वरही किंचित राहिला. ११५ वर आवाज मोकळा झाला. पण एक नवी अडचण पुढे आली. पाव ते अर्धा या टप्प्यात, विशेषतः थोडा चढ असला की, गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. बंद पडत नाही, अडखळत नाही, फक्त निरुत्साही वाटते. १२५ चा जेट असताना हा भाग चांगला वाटत होता. परत मोठा जेट टाकावा का? आणि ११५ हाच योग्य आहे, ११२ नाही, हे कशावरून ठरवावे?

सुई_आणि_जेट

मोठा जेट परत टाकू नका. पूर्वी हा टप्पा चांगला वाटत होता, कारण अर्ध्या थ्रॉटलच्या आसपास मेन जेटचा थोडा प्रभाव असतोच आणि १२५ च्या जेटने सुईची उणीव अंशतः भरून काढली होती. आता ती उणीव उघडी पडली आहे, आणि ती जिथली आहे तिथेच भरावी.

आधी ती खरोखर उणीवच आहे याची खात्री करा. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, थ्रॉटल पाव ते अर्ध्याच्या मधे धरून चोक किंचित ओढा. गाडी जरा उल्हसित झाली तर मिश्रण विरळ आहे; आणखी जड झाली तर दाट आहे. दुसरी खूण इंजिनाच्या तापमानाची. थंड इंजिनाला दाट मिश्रण रुचते, म्हणून पुरते गरम होण्याआधी बरी चालणारी आणि गरम झाल्यावर सुस्तावणारी गाडी बहुधा दाट मिश्रणावर असते, तर बराच वेळ कुरकुरून गरम झाल्यावरच सुधारणारी गाडी विरळ मिश्रणावर.

मिश्रण विरळ निघाले तर सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा. इथे बरेच जण गोंधळतात: क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते, फट वाढते आणि पेट्रोल वाढते. एका वेळी एकच खाच. खाचा संपल्या आणि तरी उणीव राहिली, तर मग वेगळ्या उताराची सुई किंवा मोठा नीडल जेट, पण आपल्यावर ती वेळ येईल असे वाटत नाही.

त्याआधी फ्लोटची पातळी मात्र पाहून घ्या, कारण पेट्रोल किती उंचीवरून ओढले जाते यावर प्रत्येक मार्गाचे मिश्रण अवलंबून असते आणि ही पातळी चुकलेली असेल तर बाकीचे सगळे आकडे तिच्यासकट चुकलेले असतात. कार्बोरेटर तिरपा धरून, फ्लोटची जीभ त्याच्या स्वतःच्या सुईच्या टोकातील स्प्रिंगदार पिनेला नुसती टेकलेली असताना, ती पिन दबू न देता, गास्केटच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या टोकापर्यंतची उंची मोजतात. मोजलेली उंची पुस्तकातल्यापेक्षा जास्त आली तर चेंबरमधले पेट्रोल खाली आहे, म्हणजे मिश्रण विरळ. कमी आली तर पेट्रोल वर आहे, मिश्रण दाट, आणि आणखी वर गेले तर ओव्हरफ्लो. मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त विश्वासाची वाटते: तळाच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती कार्बोरेटरच्या बाजूने उभी धरावी आणि ड्रेन उघडावा, नळीत जिथे पेट्रोल थांबते तीच आतली खरी पातळी. गाडी मेन स्टँडवर, सरळ उभी हवी.

चेंबर उघडणारच असाल तर जेटही काढून उजेडाकडे धरून पाहा. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. ते साफ करायला लोखंडी तार वापरू नये; पितळ मऊ असते आणि तारेने छिद्र रुंदावले की जेटवरचा नंबर नुसता नावापुरता उरतो. क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा पुरेशी आहे. कार्बोरेटरवरचे चौफुलीचे स्क्रू पुष्कळदा जपानी जेआयएस मापाचे असतात, त्यांना साधा फिलिप्स पेचकस नीट बसत नाही आणि डोकी खरवडली जातात. अशी खरवडलेली डोकी माझ्या गाडीवर अजून आहेत, दुरून ओळखू येतात.

राहिला प्रश्न ११५ की ११२. वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला गाडी स्थिर झाल्यावर थ्रॉटल किंचित, म्हणजे सात-अष्टमांशापर्यंत, मागे घ्या. मागे घेताच गाडीने उलट थोडा वेग घेतला तर मेन जेट लहान आहे. थोडी मंदावली तर जेट योग्य जागी आहे. आणि पूर्ण थ्रॉटललाच जड व असमान चालत असेल तर तो मोठा आहे. ही परीक्षा ११५ आणि ११२ दोन्हींवर करा. शंका उरली तर दोन्हींतला मोठा ठेवा. दाट मिश्रणाने काजळी धरते आणि पेट्रोल जाते, पण पूर्ण थ्रॉटलला विरळ मिश्रणावर दीर्घकाळ चालवले तर झडप आणि पिस्टनचे डोके भाजते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण असले, तरी सर्वाधिक ताकद साडेबारा ते तेराच्या आसपास मिळते, म्हणून पूर्ण थ्रॉटलला जाणूनबुजून थोडे दाट ठेवतात.

घाट_आणि_धुके

जुळवणी चालू आहे तोवर हवामानाबद्दल दोन शब्द, कारण एका दिवशीची जुळवणी दुसऱ्या दिवशी खोटी वाटू लागली की माणूस पुन्हा स्क्रू फिरवत बसतो. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की हवेची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. समुद्रसपाटीपासून १५०० मीटर वर गेल्यास ती सुमारे १४ टक्क्यांनी घटते. मिश्रण मात्र तितक्याच प्रमाणात दाट होत नाही. कार्बोरेटरमध्ये ते घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे त्या उंचीवर साधारण ८ टक्के दाट. एखाद-दुसऱ्या पायरीने मेन जेट लहान करणे तिथे पुरते, आणि खाली आल्यावर तो आठवणीने परत बदलावा लागतो.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा परिणाम याच्या उलट आहे. शुद्ध इथेनॉलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाच्या ९ पट हवा पुरते, पेट्रोलला १४.७ पट, २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. त्यामुळे त्याच जेटवर इथेनॉलविरहित पेट्रोलच्या मानाने मिश्रण साधारण ८ टक्के विरळ पडते. मधल्या टप्प्यातला निरुत्साह पेट्रोल बदलल्यापासूनचा आहे का, हेही आठवून पाहा. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चेंबर रिकामा करून ठेवावा. पायलट जेट बुजण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तळाशी सुकलेले पेट्रोल हेच असते.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या गाडीला डायफ्रामचा, म्हणजे सीव्ही कार्बोरेटर आहे, त्यांनी वरच्या खुणा जशाच्या तशा लावू नयेत. तिथे केबल फक्त फुलपाखरासारखी चकती उघडते आणि स्लाइड पोकळीच्या जोरावर, इंजिन मागेल तशी, आपोआप वर येते. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी स्लाइड अर्ध्यावर असू शकते. अशी गाडी वर ओढतच नसेल तर जेटाआधी डायफ्राम उजेडात ताणून पाहावा, टाचणीएवढे छिद्रही स्लाइडला वर येऊ देत नाही. आणि रबरावर कार्बोरेटर क्लीनर मारू नये, ते फुगते.

जुना_पिस्टन

काम झाले, म्हणून शेवटचे आकडे लिहून ठेवतो. फ्लोटची उंची पुस्तकातल्यापेक्षा दीड मिलिमीटर जास्त निघाली, म्हणजे पेट्रोल खाली होते. ती बरोबर करताच मधला टप्पा अर्धा सुधारला. त्यानंतर चढावर चोक किंचित ओढून पाहिला, गाडी अजूनही थोडी उचलली गेली, म्हणून क्लिप वरून तिसऱ्या खाचेतून चौथ्या खाचेत नेली. पातळी बदलल्यामुळे एअर स्क्रू पुन्हा पाहावा लागला. तो आता दोन फेऱ्यांना थोडा कमी आहे. ११२ च्या जेटवर थ्रॉटल मागे घेताच गाडी स्पष्टपणे पुढे सरसावली, ११५ वर किंचित मंदावली, म्हणून ११५ कायम केला. ॲव्हरेज जवळजवळ मूळ पदावर आले आहे.

एक त्रुटी अजून आहे. उतारावर थ्रॉटल बंद करून येताना सायलेन्सरमधून अधूनमधून फटफट आवाज येतो. सायलेन्सरच्या जोडाचे गास्केट जुनेच आहे.

टॅपेट_आधी

मग स्क्रूला हात लावू नका. आधी गास्केट बदला. त्या जोडातून बाहेरची हवा सायलेन्सरमध्ये शिरली की न जळलेले मिश्रण तिथे पेट घेते, आणि लोक त्याला पायलट विरळ झाल्याची खूण समजून चांगली जमलेली जुळवणी मोडतात. गास्केट बदलूनही आवाज राहिला, तरच एअर स्क्रू अष्टमांश फेरी आवळून पाहा.